घरातला लाडका शब्द

"राज्यं बुडतात, सिंहासनं मोडतात; माणसाच्या मागे उरतो तो फक्त त्याच्या घरातला रोजचा शब्द!"

हे वाक्य निवृत्त भाषातज्ज्ञांनी हात उंचावून उच्चारलं, तेव्हा ते स्टुलावर उभे होते आणि त्यांच्या नव्या पँटचा एक पाय टाचेखाली लोळत होता. दुसऱ्या पायाशी बसून बायको टाचण्या लावत होती. उरलेल्या टाचण्या तिने तोंडात धरल्या होत्या.

संध्याकाळी वाचनालयात त्यांचं व्याख्यान होतं. गेल्या वर्षीचं संपलं, तेव्हा सभागृहात दोनच माणसं उरली होती, आणि त्यातलं एक घोरत होतं. वाचनालय सांभाळणाऱ्या लेकीने यंदा अटच घातली. "बाबा, आधी आईला म्हणून दाखवा. तिला आवडलं तरच माइक मिळेल."

म्हणून ही रंगीत तालीम.

"तुर्की माणूस राबणाऱ्या कुणाच्या जवळून गेला, की म्हणतो, 'कोलाय गेलसिन'. काम सोपं जावो! काय माया आहे बघ."

"हं," बायको म्हणाली.

"फिनलंडचे लोक 'नो नीन' एवढ्यावर दिवस काढतात. कामाला लागताना नो नीन, काम आटोपलं की नो नीन, चिडले तरी नो नीन. एवढ्या सामानात आपल्याकडे साधं भांडणसुद्धा उभं राहणार नाही!"

नेमक्या याच जागी, त्यांच्या लोळत्या पायाकडे बघत, ती टाचण्या सांभाळत हसली. भाषातज्ज्ञांना आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"वळा," ती म्हणाली.

ते वळले आणि इटलीत पोचले. तिथला माणूस उसासा टाकून 'मगारी' म्हणतो. म्हणजे, तसं झालं असतं तर! तिने त्यांच्या पोटरीवर हलकेच थोपटलं.

भाषातज्ज्ञांनी खाली वाकून तिच्याकडे पाहिलं. इतकं मन लावून ऐकणारं माणूस आपल्या पायाशी बसलंय, आणि आपण मेले जगभर शब्द धुंडाळत हिंडलो! घोकलेला शेवट त्यांनी तिथल्या तिथे रद्द केला.

"मंडळी," ते हळुवार म्हणाले, "जगातला सगळ्यात गोड शब्द माझ्याच घरात आहे. 'हं'. तुम्ही बोला, मी ऐकतेय, एवढाच त्याचा अर्थ."

"हं."

"मग कळवू ना लेकीला? तुला आवडलं म्हणून?"

बायकोने उरलेल्या टाचण्या डबीत टाकल्या आणि गुडघ्यावर हात टेकून ती उठली.

"झालं बाई एकदाचं. आता तुमचं ते भाषण म्हणून दाखवायचंय ना? मग आत माझं कानाचं मशीन चार्जिंगला लावलंय, तेवढं आणून द्या."