उंबऱ्यावरच्या दूर्वा

वाफाळती उकड परातीत काढली आणि जानकीने हात पदराखाली घेतला.

"वयनी, मळ ना. गार झाली की वाट लागली तिची," शेजारची चंपा म्हणाली.

गिरण्यांचा संप चालू होता, घरोघरी पगार बंद होते, तरी भटवाडीतल्या या चाळीच्या गणपतीला मोदक चुकणार नव्हते. उकड जानकीनेच मळायची, हेही ठरलेलं. तिच्या खोलीत बायका सारणाभोवती बसल्या होत्या. कुंदा तेवढी उंबऱ्याबाहेर, दूर्वा निवडत. तिच्या कोपरांवर, बोटांवर लाल चट्टे आणि वर पांढरे पापुद्रे. मोदकाला तिच्यासारख्या कळ्या चाळीत कोणाला पडत नसत, पण गेल्या वर्षी जानकीनेच गोडीत सांगितलं होतं, "तू दूर्वा बघ गो." म्हणजे कुंदाच्या हातच्या दूर्वा देवाला चालत होत्या, मोदक मात्र माणसांना चालत नव्हते.

काल संध्याकाळी दवाखान्यात जानकीने मनगटावर उठलेलं लाल कडं दाखवलं आणि बेधडक सांगितलं, "कुंदाकडून लागलं." कुंदाही त्याच डॉक्टरांकडे जायची. ते म्हणाले, "तिचं सोरायसिस आहे. जन्मभर हातात हात घालून बसलात तरी लागणार नाही. तुमचं हे गजकर्ण. हे मात्र लागतं. टॉवेल वेगळा ठेवा, आणि बरं होईपर्यंत पीठ मळू नका."

आता सगळ्या तिच्याकडे बघत होत्या.

"हात भाजलाय माझा," जानकी म्हणाली. "चंपा, तूच मळ."

चंपाने मळली. पहिली पारी फाटली, दुसरीही फाटली. सगळ्यांची नजर एकदा उंबऱ्याकडे, कुंदाकडे जाऊन परत आली. चला, निभावलं, असं जानकीला वाटलं.

तेवढ्यात कुंदा उठली आणि आपल्या खोलीतून खोबरेल तेलाची बाटली घेऊन आली. "किती भाजलाय वयनी? बघू," म्हणत ती वाकली, हात पुढे केला, आणि अर्ध्यावरच मागे घेतला. बाटली उंबऱ्याच्या आत जमिनीवर ठेवून तिने ती बोटाने जानकीकडे सरकवली.

जानकीला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"भाजला नाय गो." तिने पदर बाजूला केला. "गजकर्ण आहे. लागणारं. तुझं लागत नाय. डॉक्टरांनी सांगितलं मला."

चंपाचा हात परातीतच थांबला.

"गेल्या वर्षी मी हेच सांगत होते, वयनी," कुंदा म्हणाली.

जानकी उठून उंबऱ्याबाहेर जाऊन बसली. समोर दूर्वांचा ढीग होता. त्यांनाही हात लावायचं तिला धैर्य झालं नाही.

कुंदा मोरीत गेली. साबण लावून तिने कोपरापर्यंत हात धुतले. कोणी सांगितलं नव्हतं, तरी पुन्हा धुतले. मग ओले हात सगळ्यांना दिसतील असे पुढे धरून तिने विचारलं, "बसू?"