धारेचं गाणं

धरणगावकडच्या एका खेड्यात भाईदासआबांची बायको बेबाबाई धार काढताना रोज तिचं एकच आवडतं गाणं म्हणायची. ते ऐकल्याशिवाय म्हैस पान्हा सोडत नसे.

बेबाबाईचं तेरावंही उरकलं. आबांना ना रडू आलं, ना भूक लागली. त्यांनी मोबाईलवर गाणी लावून पाहिली, पण तांब्याभर दूध निघेना.

आज सकाळी ते सवयीने बादली घेऊन बसले, तर म्हशीने कान टवकारले आणि पान्हा सोडला. बादली फेसाने भरली. कोणीतरी चालत यावं तशी म्हशीची मान हळूहळू वळली आणि ती आबांच्या पाठीमागे नजर लावून थांबली. आबांनी वळून पाहिलं. तिथे कोणी नव्हतं.

शेजारची कामिनी भिंतीवरून डोकावली. "आबा, कोन गाणं म्हनी ऱ्हायनं? बेबाअक्कानं गाणं शे ना ते?"

"माले तं काहीच ऐकू येत नही."

कामिनीचा चेहरा उतरला. "गाणं आते थांबनं. ती आते तुमले हाक मारी ऱ्हायनी, आबा. ओ द्या ना."

आबांनी श्वास रोखून कान दिला. फक्त बादलीतला फेस विरत होता.

"ती आते रडी ऱ्हायनी," कामिनी म्हणाली.