बी कोनाचं?

“बी कोनाचं?” रामीने तिसऱ्यांदा विचारलं. या वेळी माईक जवळ होता, त्यामुळे प्रश्न शाळेच्या पटांगणाबाहेर पार रस्त्यापर्यंत गेला.

हर्षदा मंचावर उभी होती. वावर गावच्या शाळेत तिचा सत्कार चालला होता. पुण्याच्या एका प्रयोगशाळेत ती जिवंत पेशींचे थर मशीनने छापायची, कागदावर शाई छापावी तसे. तिचे वडील तुळशीदास गुरुजी. त्यांनी स्वतःच्या हाताने फलक लिहिला होता, ‘मशीनवर जीव घडवणारी वावरची लेक’. सकाळपासून ते त्या फलकाखालून उगाचच येरझारा घालत होते. लेकीचा अभिमान त्यांना लपवता येत नव्हता, आणि का लपवावा?

नेमकी त्या फलकावरच रामी अडून बसली. रामी गावची सुईण. समोर बसलेल्यांपैकी निम्मे तिच्याच हातात पहिल्यांदा रडले होते, हर्षदासुद्धा. तिची स्वतःची कूस मात्र कधी उजवली नाही. म्हणून लग्नात हळद लावायला बायका तिला पुढे बोलावत नसत, आणि शाल-नारळ तर तिला कधी कुणी दिलाच नव्हता. म्हातारीच्या पोटात दुखतंय, असं मागच्या रांगेतला जगन शेजारी बसलेल्याच्या कानात म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या हळू.

हर्षदाने मोबाइलवरची चित्रफीत पडद्यावर लावली होती. काचेच्या ताटलीत नखाएवढा गुलाबी तुकडा, हृदयाच्या पेशींचा. तो आपला आपण धडधडत होता. शाळेची पोरंसुद्धा माना उंचावून बघत होती.

रामी उठून पडद्याच्या अगदी जवळ गेली. मागच्या शिमग्यानंतर हर्षदाने तिला डोळे दाखवायला म्हणून पुण्याला नेलं होतं, पण ती चष्म्याशिवायच परतली. डोळे ठणठणीत आहेत म्हणे. डाव्या दंडावर पदर ओढून घेत ती बराच वेळ बघत राहिली.

“मशीन जीव करत नाही, आजी,” हर्षदा म्हणाली. “बाबांनी जरा जास्तच लिहिलंय. राबात वाढवलेली भाताची रोपं उपटून आपण शेतात ओळीने आवणी करतो ना, तेवढंच मशीन करतं. पेशी ओळीत लावतं. जीव त्यांच्यात आधीच असतो.”

“तेच इचारते. रोप हाय म्हंजे बी असलंच. कोनाचं?”

माणसाचंच, हर्षदाने सांगितलं. कातडीचा एवढासा कण घेतात, त्याच्या पेशी वाढवतात, त्यांच्यापासून हृदयाच्या पेशी तयार करतात. तो कण कुणाचा, हे सांगायला तिला मनाई होती. तसं तिने लिहून दिलेलं होतं.

मागून कुणीतरी हसलं. चोरीचं बी असेल, जगन म्हणाला, आणि हशा वाढला. गुरुजींचा चेहरा उतरला. फलक आता त्यांना फार मोठा वाटू लागला असावा. हर्षदाचे डोळे भरून आले, पण ती रामीकडेच बघत होती, परवानगी मागितल्यासारखी.

गुरुजींनी हात जोडले. आज गावासमोर पोरीचा मान राहावा, एवढंच त्यांना हवं होतं.

“रामीबाय, किती अडवशील तिला? तूच तिला जगात आणलंस.”

“अडवत नाय, गुरुजी. शब्दाची पक्की हाय पोर, मेली तरी नाय सांगायची.” रामीने हर्षदाच्या हातातून माईक घेतला. “मनाई तिला हाय. मला नाय.”

मग तिने पदर मागे सारला. दंडावर तांदळाच्या दाण्याएवढा पांढरा वण होता. पडद्यावर तो गुलाबी तुकडा धडधडतच होता.

“बी माझं हाय,” रामीने सगळ्या गावाला सांगितलं.