घरी ऐकलेली पाच वाक्ये

तिसऱ्या वाक्यात काळ चुकला होता. एतेउआती मास्तरांनी लाल पेनाने क्रियापद दुरुस्त केले, वाक्य पुन्हा एकदा वाचले आणि उठून वर्गाचे दार लावून घेतले.

गृहपाठ साधा होता. घरी कानावर पडलेली पाच वाक्ये इंग्रजीत लिहायची. आधी प्रत्यक्ष कथनात, बोलणाऱ्याच्याच शब्दांत, आणि मग अप्रत्यक्ष कथनात फिरवून. दोन महिने मास्तर दर आठवड्याला हाच गृहपाठ देत होते. मास्तरांना व्याकरणाचे वेड आहे, असे मुले म्हणत आणि ते खरेही होते. अवतरणचिन्हांच्या आतला शब्द बोलणाऱ्याच्या मालकीचा, लिहिणाऱ्याने त्याला हात लावायचा नाही, हा नियम त्यांनी छडीने शिकवला होता. पण चाळीस वह्यांपैकी त्यांना हवी होती ती एकच.

गावच्या वक्त्याचा किताब वर्षभर रिकामा होता. फोनोत, म्हणजे मताई या कुळप्रमुखांच्या सभेत, थोरला मताई स्वतः तोंड उघडत नाही. त्याच्या मनातले वक्ता बोलून दाखवतो. त्या किताबावर दोघांचा हक्क होता: मास्तरांचा आणि त्यांचा भाऊबंद पेनिआमिना याचा. मास्तरांपाशी व्याकरण होते, पेनिआमिनापाशी आवाज. गावाला आवाज आवडतो. निर्णय सोमवारी व्हायचा होता.

पेनिआमिनाचे घर गावाबाहेर, तारोच्या मळ्यांपलीकडे. तिथले बोलणे ऐकणारे एकच माणूस होते: त्याची पोरकी भाची सेनेतिमा. ती मास्तरांच्या वर्गात होती.

तिचे तिसरे वाक्य असे होते: "थोरल्या मताईचा आजोबा माझ्या आजोबाच्या भट्टीवर दगड तापवायचा," मामा म्हणाला. म्हणजे थोरल्या मताईचे कुळ चाकराचे.

मास्तरांनी तिला बोलावून घेतले.

"हे शब्द त्याचेच?"

"अवतरणचिन्हांत आहेत ना, सर."

"मग काळ का चुकवलास?"

"पुढच्या वेळी नाही चुकणार."

"पुढची वेळ कुठली आता? सुट्टी लागली की तुझी ऑकलंडला रवानगी म्हणे. मावशीची पोरं सांभाळायला."

सेनेतिमाने मान खाली घातली. "मी आले होते ना तुमच्याकडे. मामाशी एकदा बोला, शाळा सोडवू नका म्हणा, म्हणून."

"दुसऱ्याच्या घरात मी नाक खुपसत नाही, पोरी," मास्तर म्हणाले आणि तिची वही त्यांनी आपल्या पिशवीत घातली.

शनिवारी फोनो भरली. आवा या मानाच्या पेयाची वाटी फिरून झाल्यावर मास्तर उभे राहिले आणि जे वाचले होते ते त्यांनी निर्दोष अप्रत्यक्ष कथनात सांगितले. थोरला मताई समोरच्या खांबाकडे पाहत राहिला.

"मास्तर," म्हातारा सिआओसी म्हणाला, "दुसऱ्याचं बोलणं इथं आणणारा खोटा ठरला, तर शिक्षा त्याच्यावर फिरते. घर जातं, गाव सुटतं. घेतोस मानेवर?"

"घेतो."

पेनिआमिना हसला. "शाळेतली पोरं ऐकून घेतात, म्हणून आम्हीही घेऊ असं वाटलं होय तुला? अरे, मी असं काही बोललो असतो, तर तुझ्या चहाड्यांची गरजच पडली नसती. माझा आवाज पार धक्क्यावर ऐकू जातो."

दोन-तीन मताईही हसले. तेव्हा मास्तरांनी वही काढून त्याच्या मांडीवर ठेवली.

पेनिआमिनाने ते पान पाहिले. एका वाक्याला इतका वेळ कुणाला लागत नाही.

"अक्षर माझ्या भाचीचं आहे," तो शेवटी म्हणाला.

"मग पोरगी खोटं लिहिते, असं म्हणायचंय तुला?" सिआओसीने विचारले. "तसं असेल तर तिला बोलवावं लागेल. मताईच्या कुळाला खोटा बट्टा लावणाऱ्याला इथं वयाची सवलत नाही."

पेनिआमिनाने वही मिटली. त्याचा आवाज शेजारच्यालाही जेमतेम ऐकू आला.

"तिला यात ओढू नका. बोललो असेन मी."

दिवस मावळण्याआधी त्याची डुकरे मारली गेली आणि घर पेटवले गेले. त्याला गावाबाहेर नेणारा ट्रक शाळेवरून गेला, तेव्हा सेनेतिमा आत बसून परीक्षेचा अभ्यास करत होती. तिने मान वर केली नाही. मुलगी हुशार खरी, पण जरा थंडच, असे मास्तरांच्या मनात आले. तिला पाद्र्याच्या घरी ठेवण्यात आले.

सोमवारी मास्तरांच्या खांद्यावर काथ्याचा चवर आला आणि हातात वक्त्याची काठी.

मंगळवारी शाळा सुटल्यावर सेनेतिमा त्यांच्या घरी आली. हातात कपड्यांचे गाठोडे होते.

"मामानं तिकीट काढून ठेवलंय, म्हणून पाद्रीबाई मला ऑकलंडला धाडायला निघाल्यात," ती म्हणाली.

"मग जा की. मामाचा शब्द मोडू नये."

"मी इथं राहीन, सर. बारावी होईपर्यंत. नंतर आपियाच्या कॉलेजात जाईन, तुमच्या शिफारशीवर."

मास्तरांना मौज वाटली. काठी भिंतीला टेकवून ते खुर्चीत रेलले.

"असं कोण म्हणतं?"

"मी म्हणते."

"आणि मी नाही म्हणालो तर?"

सेनेतिमाने गाठोडे खाली ठेवले.

"मामा ते वाक्य कधीच बोलला नव्हता, सर. आता ते मला लिहायला कुणी सांगितलं होतं, असं फोनोनं विचारलं तर मी कुणाचं नाव घ्यायचं, ते तुम्हीच ठरवा."