बंद करायचं बटण

"बटण कुठंय?" साहेबांनी दुसऱ्यांदा विचारलं.

वीजकेंद्राच्या कंट्रोल रूममध्ये, नव्या पॅनेलसमोर ते उभे होते. एका हातात चहाचा कप, दुसऱ्या हाताचं बोट हवेत. बोटाला टेकायला जागा सापडत नव्हती. पॅनेलवर काटे होते, दिवे होते, फिल्टर सुरू करायचं हिरवं बटण होतं. बंद करायचं नव्हतं.

"नाहीये, साहेब," इंजिनिअर म्हणाली.

शेजारी बसलेल्या दोन्ही ऑपरेटरांनी परीक्षेला बसल्यासारखी आपापल्या पडद्यात डोकी घातली.

भर दुपार होती. शहरातले पंखे, पंप, कारखाने, सगळं एकदम चालू होतं. आणखी वीज द्या, असा मुख्य कार्यालयातून फोन येऊन गेला होता. अशा वेळी साहेबांकडे एक हुकमी उपाय असे. चिमणीतली काजळी पकडायला फिल्टर स्वतःच भरपूर वीज खायचा. तो बंद केला, की तेवढी वीज बाहेर द्यायला मोकळी. मागे तपासणीवाल्यांनी जुन्या फिल्टरच्या बटणाला कुलूप लावायला लावलं, पण किल्ली राहिली साहेबांच्याच खिशात. चोराच्या हाती जामदारखान्याच्या किल्ल्या! तपासणीच्या दिवशी चिमणी न्हाऊनमाखून उभी, एरवी आहेच काळा धूर.

खालच्या वसाहतीत बाहेर दोरीवर कपडे कुणी वाळत घालत नसे. घरात घालायचे, तेही खिडक्या लावून. खोकल्याला तिथे कुणी आजार म्हणायचं सोडून दिलं होतं. साहेबांचं घरही त्याच वसाहतीत होतं, आणि कुणी तक्रार केली की ते सांगत, "मशीनच तसलं आहे हो. आपल्या इंजिनिअरांना साधी काजळी अडवता येत नाही."

हे ऐकत ऐकतच ती इंजिनिअर झाली. साहेब तिचे सख्खे काका, आणि ती वाढली त्यांच्याच घरी. घरभर ओले कपडे टाकताना काकू तिला म्हणायची, "हो बाई मोठी इंजिनिअर, आणि माझी दोरी एकदाची अंगणात ने." पुढे काकांनीच तिला इथे चिकटवलं. नव्या फिल्टरचं काम निघालं तेव्हा नावही तिचंच सुचवलं. घरची मुलगी, शब्दाबाहेर जायची नाही! तिच्या नकाशांवर त्यांनी न बघता सही केली.

नोकरीच्या पहिल्याच महिन्यात तिनं ती किल्ली पाहिली होती. त्या दिवसाचा राग अजून उतरला नव्हता. उतरू नये, याची ती काळजी घेत होती.

"मग तार तोड," साहेब म्हणाले.

"तोडा. भट्टीला हवा देणारा पंखा आणि फिल्टर एकाच साखळीत बांधलेत. फिल्टर थांबला की हवा थांबते, हवा थांबली की भट्टी विझते. पुन्हा तापायला उद्याची संध्याकाळ होईल."

"आणि फिल्टर बिघडला तर?"

"तर वीजकेंद्र बंद पडेल. म्हणजे दुरुस्ती त्याच दिवशी होईल. आजवर कधी झाली होती?"

एका ऑपरेटरला खोकला आला. खरा की खोटा, सांगता येत नव्हतं.

"तुला काढून टाकीन मी." साहेबांचा आवाज चढला. "घरची आहेस म्हणून गय करणार नाही."

"माहीत आहे. म्हणून आज डबासुद्धा आणला नाही."

ती पॅनेलला पाठ लावून उभी होती, बाजूला होत नव्हती.

फोन वाजला. पुन्हा मुख्य कार्यालय. साहेबांनी कप पॅनेलच्या कडेवर ठेवला आणि फोन घेतला. पलीकडचा आवाज सगळ्या खोलीला ऐकू येत होता. फिल्टर बंद करायला एवढा वेळ का लागतोय? साहेब खिडकीकडे वळले. बाहेर चिमणी होती. तिच्या तोंडावर धूर नव्हता, नुसती गरम हवा थरथरत होती. त्यापलीकडे वसाहतीतल्या सगळ्या खिडक्या सवयीनं बंद होत्या. त्यांचं घरही त्यातच होतं.

"नाही सर. तो बंद होत नाही," साहेब म्हणाले. "नाही, बिघाड नाही. केलाच तसा आहे."

पलीकडून काहीतरी ओरडून विचारलं गेलं. साहेब वळून पुतणीकडे बघायला लागले. तिनं मान खाली घातली नाही.

"आमच्या इंजिनिअरनं," ते शेवटी म्हणाले. "आणि नकाशांवर सही माझी आहे. काढायचं असेल तर दोघांना काढा."

त्यांनी फोन ठेवला. खुर्चीत बसले, सवयीनं चहाचा कप उचलला. तीन चमचे साखरेचा हा चहा ते फक्त ऑफिसातच पीत. साखर सोडायला डॉक्टरांनी सांगून कितीतरी वर्षं झाली होती.

"सगळे इंजिनिअर आजवर कुलूपच लावत आले," ते कुरकुरले. "बटणच ठेवायचं नाही, हे तुला शिकवलं कुणी?"

"काकूनं," ती म्हणाली. "तिनं साखरेचा डबा लपवला, तुम्ही शोधलात. मग कपाटाला कुलूप लावलं, तुम्ही किल्ली शोधलीत. शेवटी तिनं घरात साखर आणणंच बंद केलं, काका."