मडावींच्या तलावाचे पाणी

टेकचंदांचे मुन्नालाल, मुन्नालालांचे श्यामलाल आणि श्यामलालांची लेक भूमिका. धान पिकवणाऱ्या घराण्यात संगणकावर राज्ये वसवणारी पहिलीच. तिने रचलेल्या ऐतिहासिक युद्धखेळात हत्ती अजिंक्य ठरत, म्हणून तह कोणीच करीना. “हत्ती का हवा पिऊन जगतेत?” आजी सुशिलाबाईंनी फटकारले, तेव्हापासून हत्तीवाल्याला पाण्यासाठी तलाववाल्याशी तह करावाच लागे. गोंदियाच्या भरल्या सभागृहात पहिला जाहीर डाव रंगला. भूमिका जिंकणारच होती, तोच शत्रूने तिच्याशी तह केलेल्या मैत्रिणीचा, चंदा मडावीचा तलावगड वेढला. “मले सोड, तुई राजधानी पडन!” चंदा ओरडली. “दुष्काळात तुया पणज्यानं तलावाचं पाणी सोडलं, तवा आमचा धानाचा रोवणा जगला,” म्हणत भूमिकेने राजधानीचे सारे हत्ती धाडले. चंदाचा गड वाचला, भूमिकेची राजधानी पडली. सभागृह हळहळले, सुशिलाबाई मात्र ताठ मानेने दिवंगत सासऱ्यांना, टेकचंदांना म्हणाल्या, “मामाजी, मडावींचं पाणी पुरतं फिटलं.”