निळ्याखालचं लाल

टाकीची शिवण पुन्हा नासली. टॉर्चमधल्या टंगस्टनच्या कांडीचं टोक तडतडलं, थुंकल्यासारखे काळे ठिपके वितळलेल्या ॲल्युमिनियममध्ये पडले. वेल्डरने शिवी हासडून टॉर्च बंद केली आणि कांडी बाहेर काढली.

कांडीचं मागचं टोक निळं होतं. धाकट्या भावाला त्याने निळंच आणायला बजावलं होतं. ॲल्युमिनियमला ते बरं, आणि मुख्य म्हणजे त्यात थोरियम नाही. लाल टोकाच्या कांडीत असतं. तिला धार लावताना उडणारी धूळ छातीत जाऊन बसते आणि आतल्या आत किरणं सोडत राहते. शेडमध्ये धार लावायला ग्राइंडरवर बसायची वेल्डरची बायको.

त्याने निळ्यावरून नख ओढलं. पापुद्रा निघाला. खाली लाल. दुसरी कांडी खरवडली. लाल. तिसरीही. नेलपॉलिश होतं ते, चकचकीत.

कोपऱ्यात ग्राइंडर फिरतच होता. बायकोच्या नाकपुड्यांना राखाडी कड आली होती.

"बंद कर ते. तोंड धुऊन ये."

"अहो, दोनच राहिल्यात."

"बंद कर म्हणतो ना!"

ग्राइंडरखालचा धूळ साचलेला पत्रा उचलून तो तसाच भावाच्या केबिनमध्ये शिरला. धाकटा चहा पीत बसला होता.

"कोणी रंगवल्या या?"

"कळलं का!" धाकटा खुदकन हसला. "दादा, लाल कांड्यांचा जुना डबा भरलेला पडला होता. फेकून देऊ? तू निळं निळं करून डोकं खाल्लंस, म्हटलं घे बाबा निळं. आमच्या हिची नेलपॉलिशची अख्खी बाटली संपली. वर तिच्या शिव्या खाल्ल्या त्या वेगळ्याच."

"घासतं कोण, ठाऊक आहे ना?"

"वहिनी. मग? सगळं जग घासतंय, कोण मेलं? वहिनीची तर काही कुरकुरही नसते. तूच उगाच इकडचं तिकडचं वाचून घाबरतोस."

धाकटा तापाने फणफणला होता तेव्हा त्याची ओकारी याच वहिनीने ओंजळीत झेलली होती. वेल्डरने हातातला पत्रा सावरला.

"म्हणजे काही होत नाही."

"अरे, काही म्हणजे काही होत नाही!"

वेल्डरने पत्रा टेबलावर ठेवला. अगदी कपाला खेटून. हळूच ठेवला, तरी थोडी धूळ उडालीच.

धाकटा अजून हसतच होता. पण त्याचा तळहात कपावर गेला होता, आणि तिथे झाकणासारखा घट्ट बसला होता.